उलट्या बाजूचं नाव

३ मार्च

दादा,

तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही असं मी म्हटलं होतं. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. तेव्हा हिने शब्द मोडला म्हणून गालातल्या गालात हसू नकोस.

आधी कामाचं सांगते. बाबांची लाकडी पट्टी माझ्याकडे आहे. दोन महिने तू सगळा कारखाना उलथापालथा केला असशील आणि इस्त्रीवाल्या काकांवर खेकसला असशील. ते निर्दोष आहेत. बाबांची मोठी कात्री मी टेबलावर ठेवून आले ना? मग झाली आपली वाटणी.

मी मजेत आहे. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे एक खोली घेतली आहे. दोन खिडक्या आहेत आणि सकाळचा उजेड नेमका टेबलावर पडतो. टेबल म्हणजे कुठल्याशा पाडलेल्या घराचं दार आहे, दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलेलं. त्याची कडी अजून जागच्या जागी आहे. कापड ओढलं की तिच्यात अडकायचं, म्हणून तिच्यावर चिंधी गुंडाळली. शिलाई मशीन दोन आहेत. एक चांगलं आहे आणि दुसरं माझ्यासारखं, बडबडं पण काम करणारं.

मी ‘कपांवरून रुसले’ असं तू वहिनीला सांगितलंस म्हणे. कपांवरून नाही, दादा. तू कारखान्याच्या नावाचे कप, पिशव्या आणि कॅलेंडरं छापायला टाकत होतास. मी म्हटलं, या वेळी माझंही नाव घाल, खाली बारीक असलं तरी चालेल. एकोणीस वर्षं मी त्या टेबलावर कापड कापलं, आणि वर पाटी काय, तर बाबांचं नाव ‘आणि चिरंजीव’. तू अख्ख्या शिवणखोलीसमोर हसलास आणि म्हणालास, "टाचणीचं नाव कोण लावतं गं? शिवून झालं की टाचणी काढून डबीत टाकतात."

सगळ्याजणी हसल्या. त्यांचा दोष नाही, मालक हसला की हसावं लागतं. ओव्हरलॉकवाली, कापडाच्या कडा मशीनवर बांधणारी, तेवढी हसली नाही. ती दोरा ओवत राहिली, सुईत आधीच दोरा असताना.

टाचणी हे नाव तूच ठेवलेलं. मी सहा वर्षांची होते, काटकुळी आणि तोंडाने टोचणारी. तेव्हापासून घरात कुणी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. तर आता ऐक. मी एप्रन करणार आहे. सुतारांचे, आचाऱ्यांचे, न्हाव्यांचे, कामाचे दणकट एप्रन. आणि त्यांच्यावर नाव असणार आहे, ‘टाचणी’.

एप्रिलअखेरच्या कामाच्या कपड्यांच्या प्रदर्शनात तू दरवर्षी स्टॉल लावतोस. यंदा घरातले दोन स्टॉल असतील. माझाही चांगला मोठा आहे.

"सहा महिन्यांत परत येशील," असं तू जिन्यावरून ओरडला होतास. मोजत बस.

तुझी बहीण

ता. क. वहिनीच्या कोटाचं अस्तर मी अर्धंच उसवून आले आहे. तिला सांग, मी विसरलेले नाही.


१९ मार्च

दादा,

वहिनीचा फोन आला होता. तू माझं पत्र वाचलंस आणि पट्टीच्या रिकाम्या खिळ्याला टोचून ठेवलंस, असं म्हणाली. फाडलं नाहीस हेही नसे थोडके.

मला वाटलं होतं, नाव लिहिणं म्हणजे काय मोठं काम! तीन अक्षरं, घेतला कागद आणि लिहिली. तीस-चाळीस कागद झाले, दादा. एकावरचं नाव औषधाच्या बाटलीवरचं वाटत होतं. एकावरचं पोराने वहीवर लिहिल्यासारखं. एकदा मी शेवटच्या अक्षराला टाचणीचं गोल डोकं काढलं आणि स्वतःवर इतकी खूश झाले की तो कागद भिंतीवर लावला.

तो कागद वरच्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या बाईंनी उतरवला. या बाई शाळेत शिकवतात, बोलताना पेन्सिलीचं मागचं टोक चावतात आणि कुणाची भीड बाळगत नाहीत. "एप्रन विकताय की टाचण्या?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी नीट समजावलं. नावाचं एकच ठरलेलं रूप असतं, त्याला त्या वर्डमार्क म्हणतात. त्यात चित्र नसतं, नुसती अक्षरंच, पण अशी की दुसऱ्या कुणाची वाटू नयेत.

"म्हणजे सहीच की," मी म्हटलं.

"सही रोज जराशी बदलते. हे बदलायचं नाही. बटणाएवढं केलं तरी तेच आणि भिंतीएवढं केलं तरी तेच." मग त्यांनी माझे सगळे कागद चाळले आणि म्हणाल्या, "यातलं एकही तुमचं नाही. तुम्ही रोज कशाने लिहिता?"

"मी कुठे लिहिते? मी कापते."

"कापायच्या आधी खुणा कशाने करता?"

"खडूने."

"मग पेन घेऊन काय बसलाय?"

मला स्वतःचीच चीड आली. खाकी कागद दारावर, म्हणजे टेबलावर, पसरला. शिंप्याचा चपटा खडू घेतला. आडवा धरला की जाड रेघ, कडेवर धरला की बारीक. एकोणीस वर्षांत हाताला जे ठाऊक झालं होतं ते त्याने मुकाट्याने करून टाकलं. आधी तीन अक्षरं काढली. मग बाबांची पट्टी लावून वरची रेघ एका दमात मारली.

आणि ती रेघ शेवटच्या अक्षराच्या पुढे अर्धं बोट गेली.

तुला कारण माहीत आहे. बाबा आपल्या बोटांवर पट्टी मारून शिकवायचे, रेघ कोपऱ्यावर थांबवायची नाही, अर्धं बोट पुढे न्यायची. दोन रेघा एकमेकींना ओलांडून गेल्या तरच कोपरा पक्का कळतो आणि कात्री फसत नाही. मी जीभ चावली आणि खोडायला फडकं घेतलं. बाईंनी माझं मनगटच धरलं. "हीच," त्या म्हणाल्या. "हीच तुमची रेघ. हिला हात लावायचा नाही."

दादा, मी एक्केचाळीस वर्षांची बाई, त्या खाकी कागदासमोर उभी राहून रडले. आनंदाने रडले, उगाच वहिनीला काही सांगू नकोस. असं नाव लिहिलेलं मी आजवर दुसऱ्याच्याच मालावर पाहिलं होतं.

तुझी बहीण


६ एप्रिल

दादा,

नाव कागदावर शहाण्यासारखं बसतं. वस्तूवर गेलं की वात्रटपणा सुरू करतं.

पहिला कप आला. तीन अक्षरं कपाच्या गोलाईवर अशी पसरली होती की समोरच्याला नुसतं ‘टाच’ दिसावं. ‘णी’ कानामागे. मी छपाईवाल्याला म्हटलं, भाऊ, मी चपला विकत नाही. चित्रकलेच्या बाईंनी मला कप हातात धरून टेबलाशी बसवलं, स्वतः समोर बसल्या आणि समोरच्याला जेवढा भाग दिसतो तेवढाच पेन्सिलीने आखला. तीन बोटं रुंदी. त्यात नाव बसवलं. आता माणूस चहा पितो आणि समोरचा वाचतो.

पिशवीवर उलटा घोळ. तिथे मी हौसेने नाव हातभर मोठं केलं. पिशवी भरली, पोट फुगलं आणि नावही फुगलं. शेवटी लहान करून वरच्या काठाजवळ आणलं, जिथे कापड ताणलं जात नाही. कपड्यात शिवायच्या विणलेल्या चिठ्ठीवर, म्हणजे लेबलवर, तर बारीक रेघा भरूनच गेल्या. ‘च’चं पोट बंद झालं. तेव्हा बटणाएवढ्या मापासाठी खडू थोडा आडवा धरून अक्षरं पुन्हा काढली. अर्धं बोट पुढे गेलेली रेघ मात्र सगळीकडे तीच ठेवली. लांबून नाव वाचता आलं नाही तरी ती रेघ ओळखू येते. सायकलवाल्याने एक पिशवी आपल्या दुकानात खिळ्याला टांगली आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हे कुठलं? तो माझ्या दाराकडे बोट करतो. मी खिडकीतून बघते आणि कामात असल्यासारखं दाखवते.

दीडशे एप्रन शिवून तयार आहेत, फक्त छातीवर नाव छापायचं बाकी आहे. शिलाई कशी आहे ते विचार ना. विचारणार नाहीस, कारण तुला माहीत आहे. आतून-बाहेरून सारखी. एकही कड कच्ची नाही, प्रत्येक जोड दुमडून दुहेरी शिवलेला. यावरून आपण किती भांडलो! "आत कोण बघतं गं? दोरा काय झाडाला लागतो?" हे तुझं ठरलेलं वाक्य. इथे मला अडवायला कुणी नाही. दोरा झाडाला लागतो असं समजून मी शिवते आहे.

स्टॉलची जागाही कळली. छान आहे.

तुझी बहीण


२१ एप्रिल

दादा,

घाईत आहे. एप्रन छापून आले. झकास झाले आहेत. बघशील तर बघतच राहशील. प्रदर्शनात भेट होईलच, म्हणजे दिसू एकमेकांना. बोलणार मी नाहीच.

तुझी बहीण


२३ एप्रिल

दादा,

परवाच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते खिळ्यावरून काढ आणि फाड.

एप्रनवर नाव छापून आलं आहे, सुरेख आलं आहे, रेघ स्वच्छ, शाई एकसारखी. आणि ते सगळंच्या सगळं आतल्या बाजूला आहे. दीडशेच्या दीडशे. एप्रन गळ्यात घातला की नाव घालणाऱ्याच्या पोटाशी आणि बाहेर कोरं कापड.

मी छपाईवाल्याला आडवंतिडवं बोलले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, गठ्ठे तुम्हीच लावून दिलेत. छातीचा भाग वर, आणि वरच्या बाजूला छापा म्हणालात. मी छापलं."

"अरे, पण आतली बाजू कुठली, बाहेरची कुठली, एवढं कळत नाही?"

"नाही ना कळत," तो म्हणाला. त्याने एक एप्रन हातात घेतला आणि दोन्ही बाजू मला दाखवल्या. "तुम्हीच सांगा, शिलाईवरून कसं कळणार? खिसा आत दुमडलेला होता."

दादा, गठ्ठे मीच लावले होते. एकोणीस वर्षं कापड टेबलावर कसं टाकलं आपण? उलटी बाजू वर. खूण करायची ती उलट्या बाजूला, म्हणजे मालावर डाग राहत नाही. माझ्या हाताला ‘नाव टाकायचं आहे’ एवढं कळलं आणि त्याने प्रत्येक एप्रन उलटा करून ठेवला. शिवणारी कुणी ही चूक करणार नाही, छापणाराही नाही. ही चूक फक्त कापणारीच करू शकते. आणि आत-बाहेर सारखं शिवायचा माझा हट्ट नसता तर छपाईवाल्याच्या तरी लक्षात आलं असतं.

पुन्हा छापायला वेळ नाही. परवा प्रदर्शन आहे आणि त्याच्याकडे दुसरं काम लागलेलं आहे. नवे शिवायला कापड नाही.

आता खोटं सांगायला सुरुवात केलीच होती, तर उरलेलंही कबूल करते. स्टॉल मोठा नाही. दोन टेबलांचा आहे, मागच्या भिंतीला, हात धुवायच्या नळांशेजारी. जागा छान आहे असं लिहिलं, ते हात धुणाऱ्यांसाठी छान आहे. आणि या प्रदर्शनात ऑर्डर मिळाली नाही, तर महिनाअखेर ही खोली सोडायची असं मी घरमालकांशी ठरवून बसले आहे. म्हणजे पुन्हा तुझं टेबल, ‘आणि चिरंजीव’च्या खाली, मान खाली घालून.

काल दुपारी मी तिकडे आले होते. कारखान्यासमोरच्या औषधाच्या दुकानाशी उभी होते. तुझी पाटी नवीन रंगवली आहेस, छान दिसते. माझ्या टेबलाशी कुणीतरी वाकलेलं होतं आणि त्याने कापड दाबायला माझा लोखंडी ठोकळा वापरला होता. मी रस्ता ओलांडला. मागच्या दाराशी गेले, जिथून आपली कामाची माणसं येतात आणि जिथून मीही एकोणीस वर्षं आले. पुढच्या दाराने गिऱ्हाईक येतं आणि तू येतोस. मी कडीला हात लावला. "आले बाबा परत, जिंकलास," एवढं म्हणायचं होतं.

आतून तुझा आवाज आला. तू कुणाला तरी सांगत होतास, "कड कच्ची राहिली तर राहू दे, आत कोण बघतं?"

मी हात काढून घेतला आणि परत आले.

जे आहेत तेच दीडशे एप्रन घेऊन मी परवा जाणार आहे.

तुझी बहीण


२८ एप्रिल

दादा!

बस. पाणी पी. मग वाच.

पहिल्या दिवशी तुझ्या स्टॉलवर झुंबड होती, दारातच होतास, दिवे काय, कॅलेंडरं काय. माझ्याकडे सगळे ओले हात घेऊन यायचे. एकाने तर माझ्या एप्रनला हात पुसले. चला, निदान कापड पाणी टिपतं हे त्याला कळलं. कप बघायचे, पिशव्या बघायचे, चार पिशव्या गेल्याही. एप्रन उचलायचे, छातीवर कोरं कापड बघून ठेवून द्यायचे. मी ते सरळ बाजूनेच मांडले होते. नाव लपलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला माझाच राग आला. म्हटलं, नावासाठी घर सोडलं आणि आता नावच लपवून बसले! उठले आणि सगळे एप्रन उलटे करून टांगले. भिंतभर ‘टाचणी’, ‘टाचणी’, ‘टाचणी’. लोकांना उलटे वाटतील तर वाटू देत. तसे ते वाटलेच नाहीत, कारण शिवण दोन्हीकडे सारखी.

अकराच्या सुमाराला एक धिप्पाड माणूस हात धुवायला आला. मनगटापासून कोपरापर्यंत जुने भाजल्याचे डाग. हात धुऊन तो तिथेच थबकला. एक एप्रन काढला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग खिशात हात घालायला गेला तर खिसा पलीकडच्या बाजूला.

"खिसा एकीकडे आणि नाव दुसरीकडे?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तो स्वतःशीच हसायला लागला. त्याने एप्रन गळ्यात अडकवला, खिसा बाहेर, नाव आत. "हे बघा, हा मी स्वयंपाकघरात. कांदा, तेल, पीठ, सगळं अंगावर." मग बंद सोडले, एप्रन एका झटक्यात उलटा केला आणि पुन्हा बांधला. छातीवर नाव आलं. "आणि पाहुण्यांनी आचाऱ्याला बाहेर बोलावलं की हा मी. आमच्यात सगळे असंच करतात, बाई. बाहेर जायची वेळ आली की मळकी बाजू आत. पण आतून शिवण अशी दळभद्री असते, दोरे लोंबत असतात, की लाज वाटते. आणि नाव तर मळक्या बाजूलाच राहतं." त्याने आतल्या जोडावरून अंगठा फिरवला. "हे कुणी सुचवलं तुम्हाला? कुठल्या आचाऱ्याने?"

दादा, खरं सांगते, जिभेवर आलं होतं. ‘खूप विचार करून केलं’ म्हणायचं, संपलं. कुणाला कळणार होतं? पण तुला पाचच दिवसांपूर्वी खोटं लिहिलं होतं आणि त्याची चव अजून तोंडात होती.

"कुणीच नाही," मी म्हटलं. "चूक आहे. मी कापणारी आहे. आम्ही खूण उलट्या बाजूला करतो. गठ्ठे उलटे लावले गेले. शिवण मात्र चूक नाही. ती मी मुद्दाम करते."

तो असा गडगडून हसला की नळाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. "चूक झाली म्हणून सांगणारी पहिली विक्रेती भेटली आज," तो म्हणाला. तो तीन मोठ्या स्वयंपाकघरांचा प्रमुख आहे. टांगलेल्या दीडशेतले चाळीस तिथल्या तिथे काढून घेतले आणि सहाशेची ऑर्डर लिहून दिली. अट एकच, कागदावर त्याने स्वतः लिहिली आहे, ‘नाव आतल्याच बाजूला. चूक दुरुस्त करू नये.’

त्याच्या मागोमाग त्याच्या ओळखीचे आले. दुपारपर्यंत आचाऱ्यांची रांग, नळापासून दारापर्यंत. तुझ्या स्टॉलला वळसा घालून गेली रे ती! लोक गळ्यात एप्रन अडकवून उलटसुलट करून एकमेकांना दाखवत होते. न्हावी आले. एक फुलवाली आली, ती म्हणाली, मलाही देठांचा चीक लागतो, मग गिऱ्हाइकासमोर जावं लागतं. चित्रकलेच्या बाई हातात टाचणीचा कप घेऊन खुर्चीवर बसल्या होत्या आणि प्रत्येकाला सांगत होत्या, "रेघ बघा, रेघ. अर्धं बोट पुढे." घरमालकांना मी संध्याकाळी फोन केला. म्हटलं, खोली सोडत नाही. उलट शेजारची रिकामी आहे का?

मी जिंकले, दादा. हे वाक्य मला तुलाच लिहायचं होतं, म्हणून लिहिते. मी जिंकले.

आता रविवारचं. तू दुपारी आलास, गर्दी जरा ओसरल्यावर. माझ्याकडे पाहिलं नाहीस. एक एप्रन उचललास. नाव वाचलंस. रेघेच्या शेवटावर, त्या अर्ध्या बोटावर, तुझं बोट थांबलं. मग तू एप्रन उलटा केलास आणि जोडावरून अंगठा फिरवलास, अगदी बाबा फिरवायचे तसा, नखाने कड शोधत. सापडली नाही. नसतेच.

"दोरा किती जातो?" तू विचारलंस.

"जेवढा लागतो तेवढा," मी म्हटलं.

तू एप्रन घडी घालून ठेवलास, नाव वर येईल असा, आणि गेलास. मी तुझ्याशी बोलले असं धरू नकोस. ते मी गिऱ्हाइकाशी बोलले.

टाचणी


३० जून

दादा,

आज सहा महिने पूर्ण झाले. मी आले नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

आता इथे चार मशीनं आहेत. ओव्हरलॉकवाली आली आहे. मी फूस लावली नाही, तिनेच विचारलं. तू तिला जाताना धड निरोप दिलास आणि तिची खुर्चीही बरोबर दिलीस, असं ती म्हणाली. मला ते आवडलं. त्या धिप्पाड शेफचे सहाशे एप्रन गेले. त्याच्या एका स्वयंपाकघरात मी परवा गेले होते. एका पोरसवद्या आचारीणबाईला बाहेर बोलावलं, तिने दाराशी थांबून झटक्यात एप्रन उलटा केला आणि माझं नाव छातीवर घेऊन ताठ चालत गेली. मी भांड्यांच्या फडताळाशी उभी राहून बघत होते. तिला माहीतही नव्हतं की नावाची बाई इथेच उभी आहे.

आणि गुरुवारी टपालाने तुझा कागद आला.

पत्र असेल असं वाटलं होतं. उघडलं तर कारखान्याचा ऑर्डरचा छापील कागद. तेवीस एप्रन. कापड कुठलं, खिसे किती खोल, बंद किती लांब, सगळं तुझ्या टोकदार अक्षरात. त्यातला एक जास्त लांब बंदांचा. पोट वाढलंय वाटतं. आणि वर, जिथे माल देणाऱ्याचं नाव लिहायचं, तिथे तू ‘टाचणी’ लिहिलं आहेस. हसत लिहिलेलं अक्षर मला ओळखू येतं, लहानपणापासून बघते आहे. हे तसं नव्हतं. दोनदा गिरवलेलं होतं. दुसऱ्यांदा गिरवताना वरची रेघ तू पुढे नेलीस, अर्धं बोट.

तो कागद मी दिवसभर टेबलावर ठेवला होता. काम फारसं झालं नाही.

वहिनी म्हणते, तू तिच्याजवळ म्हणालास, "तिने परत यावं, पाटी बदलतो." तुझा मोठेपणा मला कळतो, दादा, खरंच कळतो. पण पाटी बदलू नकोस. ती बाबांची आहे, राहू दे. माझी मी लावली आहे. सायकलवाल्याने शिडी धरली होती आणि रेघ मी स्वतः मारली.

ऑर्डर घेतली आहे. दर सगळ्यांना तोच आहे, घरचा म्हणून सवलत मागू नकोस.

नाव कुठल्या बाजूला छापायचं, ते मात्र तू लिहिलं नाहीस. ऑर्डर लिहिताना तू आजवर कधी काही विसरला नाहीस, त्यामुळे हे माझ्यावर सोडलंस असं मी धरते. बावीसजणांच्या एप्रनवर आत छापलं आहे, शेफच्यासारखं, पाहुणा आला की उलटा करायचा. तुझ्या एप्रनवर बाहेर छापलं आहे. छातीवर, मधोमध. तो घालून त्या पाटीखाली दिवसभर काम कर आणि मळला तर खुशाल मळू दे.

वहिनीच्या कोटाचं अस्तर पुरं करायला सुई-दोरा घेऊन येते आहे. शुक्रवारी अकरा वाजता, माल घेऊन, मी स्वतः. पुढच्या दाराने येईन.

पट्टी आणणार नाही.

टाचणी